काजळाविना सहा दिवस

तांबटाच्या घरातल्या माणसाचा डोळा गेला, तर ठिणगी उडाली असेल असं लोक समजतात. तृप्तीचा डोळा जायला आला तो पाण्यानं. तेही तांब्याच्या पेल्यातल्या पाण्यानं. नाशिकच्या भांडीबाजारात ही गोष्ट तोंडातून काढायची सोय नव्हती. आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाला पिंपळ्यांच्या दुकानात एकच मंत्र ऐकवला गेला होता: "तांब्यात जंतू टिकत नाही हो, डोळे झाकून घ्या."

डोळे झाकून घेतलं ते तृप्तीनंच.

तृप्ती पिंपळे, वय अठ्ठेचाळीस, काम भांड्यांवर नावं घालणं. आता दोन हजार बेचाळीस साली हे काम कोण करतं, असं विचाराल तर बरोबरच आहे. समोरच्या दुकानातलं यंत्र डोळ्याचं पातं लवायच्या आत साडेसहाशे प्रकारच्या अक्षरांत नाव कोरून देतं. पण त्या अक्षरांना हात नसतो. आईनं लेकीला, मामानं भाच्याला दिलेल्या भांड्यावर माणसाच्या हाताचं, थोडं डावीकडे कललेलं अक्षर हवं असणारे लोक अजून शिल्लक होते, आणि ते तृप्तीकडे येत. ती पेला मांडीत धरायची, कोरणीची टोच टेकवायची आणि ठिपक्याला ठिपका लावत नाव उठवायची. खालची रेघ कधी आखली नाही. डोळाच रेघ.

तो डोळा मात्र जन्माचा रुसलेला. बुबुळावर जी पारदर्शक काच असते, पारपटल म्हणतात तिला, ती घड्याळाच्या काचेसारखी गोल फुगीर असावी लागते. तृप्तीची दोन्ही पारपटलं विशीतच पातळ होऊन भोवऱ्यासारखी टोकदार झाली. अशा डोळ्याला चष्म्याचा उपयोग नसतो. वेड्यावाकड्या काचेपुढे दुसरी काच धरून काय होणार? त्यावर कडक लेन्स बसवावी लागते, म्हणजे टोकाभोवतीची जागा अश्रूंनी भरून निघते आणि नजर सरळ होते. डाव्या डोळ्याला पुढे लेन्सही पुरेना, तो उजेड-अंधार सांगण्यापुरता उरला. सगळी भिस्त उजव्यावर. लग्नात पाहुण्यांना वाटलं होतं, मुलगी हौशी आहे. हौस कसली, लेन्स काढली तर तिला नवरा कुठला आणि भटजी कुठला हे कळलं नसतं.

आणि आता उजव्या बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा डाग पडला होता. डोळा लालभडक, आणि असा ठणका की कानशील फुटेल असं वाटावं.

"लेन्स रात्री कशात ठेवता?" डॉक्टर फाल्गुनी शेवडेंनी विचारलं. वयानं तृप्तीच्या मुलीसारखी, पण आवाजात शाळेतल्या बाईंचा दरारा.

"डबीत."

"डबीत काय असतं?"

तृप्तीनं नवऱ्याकडे तोंड वळवलं. सचिन छतावरचा पंखा पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघत होता.

"पाणी," तृप्ती म्हणाली. "पण साधं नाही! रात्रभर तांब्याच्या पेल्यात ठेवलेलं."

"किती दिवस?"

"लेन्सचं औषध संपलं तेव्हापासून. म्हणजे... दिवाळीपासून."

जून चालू होता. डॉक्टरांनी पेला मागवून घेतला. दुसऱ्या दिवशी तो परत देताना त्यांचा आवाज जरा मवाळ झाला होता.

"तांबं जंतू मारतं हे खरं आहे, तृप्तीताई. पण उघडं तांबं, आणि तेही सावकाश. तुमच्या पेल्याला आतून क्षाराचा थर चढलाय. पाण्याला तांबं लागतच नव्हतं. आणि तसंही लेन्सला कुठलंच पाणी चालत नाही. नळाचं, उकळलेलं, गंगेचं, कुठलंच नाही."

भांडीबाजारातल्या बाईला पेला आतून घासलेला नाही असं सांगणं म्हणजे काय, हे डॉक्टरांना कळणं शक्य नव्हतं. तृप्ती खाली मान घालून बसली. ठणक्यापेक्षा हे जास्त लागलं.

मग डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. सुडोमोनास नावाचा जंतू. नळाच्या तोंडाशी, मोरीत, ओल्या डबीत सुखानं नांदतो. चांगल्या डोळ्याचं तो सहसा काही बिघडवत नाही. पापणी लवते, अश्रू त्याला धुऊन नेतात. पण लेन्सखाली अश्रूंची ये-जा मंदावते, बुबुळावर बारीक ओरखडा पडलेला असतो, आणि या जंतूला लेन्सवर बसायला आयती ओसरी मिळते. एकदा बसला की चिकट गादी अंथरून घेतो आणि औषधाला दाद देत नाही. जुनी औषधं तर आता त्याला चहापाण्यासारखी झालेली.

"नव्या थेंबांनी तो आज बराच मेलाय," डॉक्टर म्हणाल्या. "पण उरलेला पुन्हा वाढेल. मोकळा प्लॉट पाहिलाय ना तुम्ही? कुंपण नाही, राखण नाही. दोन दिवसांत तिथं टपऱ्या पडतात. तुमचा डोळा तसा झालाय."

कारण चांगल्या डोळ्यात राखणदार असतात. तेही जंतूच. मोजकेच, निरुपद्रवी, लहानपणापासून वस्तीला असलेले. ते शरीराच्या पहारेकऱ्यांना डुलकी लागू देत नाहीत, आणि परक्याला जागा देत नाहीत. वर्षानुवर्षांची लेन्स आणि औषधं यांत तृप्तीचे राखणदार केव्हाच उठून गेले होते. गेल्या चारपाच वर्षांत यावर एक तोडगा निघाला होता. लेन्सच्या कडेला लवचीक जेलचं बारीक वळं, आणि त्या वळ्यात दुसऱ्याच्या निरोगी डोळ्यातले राखणदार वाढवलेले. लेन्स घातली की ते हळूहळू डोळ्यात उतरतात. त्याचं मूळ नाव दीड ओळीचं होतं. लोकांनी त्याला विरजण लेन्स करून टाकलं.

"मग लावा की विरजण!" सचिन म्हणाला.

"प्रयोगशाळेतलं टिकत नाही. शरीर त्याला परकं समजतं. विरजण लागतं ओळखीच्या घरातलं. एकाच हवेत, एकाच पाण्यावर, एका स्वयंपाकघरात दहा वर्षं तरी राहिलेल्या माणसाचं."

"मी आहे ना! वीस वर्षं!"

"तुम्ही काचबिंदूचे थेंब घालता, काका. तुमचा प्लॉटही मोकळाच आहे."

सचिन खट्टू झाला. मुलगा कॅनडात, सासूबाई वारलेल्या.

"वृषालीवहिनी," शेवटी सचिनच पुटपुटला. "आमची मोठी वहिनी. अकरा वर्षं एकत्र होतो."

"कुठं असतात?"

"आमच्यासमोरच. एकच जिना. दाराला दार."

"मग अडचण काय?"

"तीच," तृप्ती म्हणाली.

*

नऊ वर्षांपूर्वी वृषालीच्या ईशाचं लग्न ठरलं. त्याच्या वर्षभर आधी थोरला दीर, प्रशांत, गेला होता. वृषाली तेव्हा सत्तेचाळीसची. कपाळाची टिकली तिनं लहान केली, बांगड्या कमी केल्या, पण काजळ सोडलं नाही. काजळ ती घरी धरायची. एरंडेलाचा दिवा, त्यावर तांब्याची ताटली पालथी, मग ती काजळी लोण्यात खलून तांब्याच्या डबीत. तिचे मोठे, पाणीदार डोळे त्या काजळानं असे उठून दिसत की बाजारातले लोक पिंपळ्यांच्या दुकानाची खूण तीच सांगत. "वयाला शोभत नाही", "आता कुणासाठी", हे सगळं तिनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी रेघ जरा जाड ओढली.

ईशाला द्यायची एकसष्ट भांडी तृप्तीसमोर मांडून ती म्हणाली होती, "माझ्या नावाआधी काही लावू नकोस. नुसतं 'आई वृषाली यांजकडून' घाल."

तृप्तीनं ऐकलं होतं. पण हाताला वळण वेगळं होतं. इतकी वर्षं तिनं एकच रीत पाळली होती: नवरा असेल तर सौ., नसेल तर श्रीमती. नुसतं नाव म्हणजे भांडं नागडं राहिल्यासारखं तिला वाटायचं, आणि वाटलं की लोक मलाच नावं ठेवतील. तिनं एकसष्ट भांड्यांवर एकसष्ट वेळा, मोत्यासारख्या अक्षरात, श्रीमती कोरलं.

रुखवत मांडताना वृषालीनं पहिला पेला उचलला, वाचला, खाली ठेवला. दुसरा उचलला. मग सगळी भांडी नावं भिंतीकडे करून मांडली. लग्न लागलं. आठ दिवसांनी वृषालीनं चूल वेगळी केली. तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आल्या, तर एक वर थांबे आणि दुसरी खाली.

*

डॉक्टरांनी मुदत दिली होती ती उद्या सकाळी नऊची. त्यानंतर बारा-पंधरा तासांत टपऱ्या पुन्हा पडणार होत्या, आणि पारपटल आधीच ट्रेसिंग पेपरएवढं उरलं होतं. फुटलं की संपलं. नमुना देणाऱ्या डोळ्यात आदल्या संध्याकाळपासून, निदान बारा तास, काजळाचा कण नको.

डोळ्याला प्लास्टिकची ढाल बांधून, जिन्याच्या कठड्याला धरून तृप्ती समोरच्या दाराशी उभी राहिली तेव्हा दिवेलागण झाली होती. आतून उदबत्तीचा वास आला. दार उघडलं. डाव्या डोळ्याला नुसता एक उंच अंधार दिसला.

"कोण मेलं?" वृषालीनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग?"

तृप्तीनं वाक्य पाठ करून आणलं होतं. ते जिन्यातच सांडलं. "विरजण हवं होतं," ती म्हणाली. "डोळ्याचं. माझा डोळा चाललाय, वृषालीताई. डॉक्टर म्हणतात तुमच्याच डोळ्यातलं चालेल. उद्या नऊच्या आत. आणि आज आत्तापासून काजळ... काढावं लागेल तुम्हाला."

कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"नऊ वर्षांनी आलीस," वृषाली म्हणाली, "आणि मागायला काय आलीस, तर माझं काजळ."

"हो."

"आणि वेळ कुठली निवडलीस? दिवा लागलाय देवापुढे. दिवेलागणीनंतर विरजण देतात का कुणी? सासूबाईंनी इतकंही शिकवलं नाही तुला?"

दार लागलं.

सचिन आपल्या दारातून ऐकत होता. "मी बोलू का वहिनीशी?"

"नको. त्यांचं बरोबर आहे. त्या दिवशी मला रीत हवी होती, आज त्यांना हवी आहे."

त्या रात्री काय झालं ते सांगण्यासारखं नाही. ठणका होता, आणि बाकी काही नव्हतं.

सकाळी सातला सचिन रिक्षा बघायला खाली गेला आणि धावत वर आला. "तृप्ती, वहिनी! रिक्षात बसल्यात. म्हणतात, 'तिला आवरायला सांग, मला परत येऊन भाजी टाकायची आहे.'"

इस्पितळात नर्सनं वृषालीचा डोळा दिव्याखाली धरला आणि विचारलं, "काजळ कधी काढलंत, काकू? बारा तास व्हायला हवेत."

"झाले."

"नक्की? कारण नसतील तर नमुना फुकट जाईल."

"काल सव्वासात. घड्याळ बघून धुतलं. पुन्हा विचारू नकोस."

शेजारच्या खुर्चीत तृप्ती ताठ झाली. सव्वासातलाच तर ते दार तिच्या तोंडावर लागलं होतं. म्हणजे दार लावून बाई तडक मोरीवर गेली होती.

"तुम्ही तर नाही म्हणालात," तृप्तीच्या तोंडून निघालं.

"दिवेलागणीला दिलं नाही मी. आत्ता देतेय. सकाळ आहे. रीत मोडलेली नाही."

डॉक्टर शेवडे नमुन्याचा अहवाल घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. "चौऱ्याण्णव टक्के जुळतंय! तृप्तीताईंचा तिशीतला जुना नमुना आमच्याकडे होता, त्याच्याशी. जावाजावांत इतकं मी पाहिलेलं नाही. तुम्ही दोघी काय वापरायचात एकत्र? टॉवेल?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. म्हणजे वृषालीनं बघितलं, आणि तृप्तीनं तिकडे तोंड केलं.

"काजळ," वृषाली म्हणाली.

"एका डबीतलं?"

"एका डबीतलं आणि एका बोटानं. हिला लेन्स काढल्यावर आरशात दिसायचं नाही. आधी माझ्या डोळ्यात घालायचे, मग हिच्या. अकरा वर्षं."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "हे बाहेर कुणाला सांगू नका. अशा डबीनं दहाजणींचे डोळे बिघडतात. तुम्हाला लाभलं ते निव्वळ नशीब. यापुढे ज्याची डबी त्याची, आणि तृप्तीताईंना काजळ कायमचं बंद."

"मला कोण घालतंय आता," तृप्ती म्हणाली.

*

दुपारी विरजण लावलेली, पट्टीसारखी मऊ लेन्स बसली. तिसऱ्या दिवशी ठणका उतरला. आठव्या दिवशी डागाची कड आत सरकली. सहा आठवड्यांनी कडक लेन्स आली, कडेला तसंच जेलचं वळं असलेली, आणि तृप्तीला समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर महिन्यासकट वाचता आलं. मधोमध एक धुरकट ठिपका राहिला, तो राहणारच होता. पण ठिपक्याच्या बाजूनं बघायची युक्ती ती शिकली.

फक्त विरजण एकदा लावून भागत नाही. दर पंधरा दिवसांनी ताजं लागतं, आणि पहिल्या वेळी घाईत बारा तासांवर भागलं तरी एरवी त्याआधी देणाऱ्याच्या डोळ्यात सहा दिवस काजळ चालत नाही. जन्मभर.

या विरजणानं त्या वर्षांत गावोगाव काय काय केलं, ते एकदा कुणीतरी लिहायला हवं. वाटण्या होऊन तोंडं फिरवलेले भाऊ एकमेकांकडे पेढे घेऊन गेले. सासूबाईंना अचानक वेगळी खोली आणि गार पाण्याचं मशीन मिळालं. लग्नाच्या जाहिरातींत 'एकत्र कुटुंब' हे शब्द, जे लोक लपवत होते, ठळक अक्षरांत आले. आणि काहीजणांना कळलं की अख्ख्या जगात आपल्याबरोबर दहा वर्षं राहिलेलं कुणी नाही. त्यांच्यासाठी डॉक्टरांकडे औषध नव्हतं.

भांडीबाजारात मात्र दिसलं एवढंच की वृषालीचे डोळे मोकळे आहेत.

एका सकाळी ती दुकानासमोरून जाताना कल्हईवाल्यांच्या मंगलाकाकूंनी तिला अडवलं. "बरं केलंस हो, सोडलंस ते. उशिरा का होईना, कळलं तुला. कसे सात्त्विक दिसतात डोळे!"

वृषाली कधी गप्प बसलेली नव्हती. त्या दिवशी ती नुसतं हसली आणि पुढे गेली. गल्लीच्या टोकापर्यंत तिची पाठ दिसत होती, आणि तृप्तीला, नव्या लेन्समधून, ती नको इतकी स्पष्ट दिसली.

त्या संध्याकाळी तृप्ती पुन्हा समोरच्या दाराशी होती. दिवा अजून लागायचा होता, तेवढं तिनं बघून घेतलं.

"मी लेन्स सोडते," ती उभ्या उभ्या म्हणाली. "डोळा वाचलाय. उजेड-अंधार कळेल, घरातल्या घरात वावरेन. तुम्ही काजळ घाला."

"आणि नावं कोण घालणार? ते समोरचं यंत्र?"

"लोक म्हणतात तुम्ही सोडलंत. मंगलाकाकूंनी..."

"मंगलाकाकूंच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. त्यांचं मनावर घेते का मी?" वृषाली आत वळली, मग थांबली. "मला लोकांचं कधी लागलं नाही, तृप्ती. लोक परके. तू घरातली होतीस."

तृप्तीला माफी मागावी असं वाटलं, पण नऊ वर्षांत तो शब्द इतका सुकला होता की तोंडात मावेना. ती घरी आली आणि तिनं जळगावला ईशाला फोन लावला.

"तुझ्या लग्नातली भांडी पाठव. सगळी."

"सगळी? काकू, मग मी स्वयंपाक कशात करू?"

"दहा-दहा करून पाठव. पहिली परत आली की पुढची."

भांडी येत राहिली. तृप्तीनं सफाईचं चाक काढलं. कोरलेलं पुसायचं म्हणजे नवं कोरण्याहून अवघड. ठिपका जितका खोल तितकं भोवतीचं तांबं झिजवावं लागतं, आणि ती ठिपके खोल घालण्याबद्दल नावाजलेली होती. एक श्रीमती घालवायला अर्धा तास लागायचा. एकसष्ट अर्धे तास. सचिन म्हणाला, "यंत्रावर देऊ का?" तिनं ऐकलंच नाही असं दाखवलं.

तिनं बाजारालाही तेव्हाच सांगून टाकलं, पेल्यासकट. मंगलाकाकू दुकानात आल्या तशा त्यांना तो पेला दाखवून म्हणाली, "हा मी आतून घासला नव्हता. म्हणून डोळा गेला असता. माझ्या जावेचं काजळ महिन्यातले बारा दिवस माझ्या डोळ्यापायी बंद असतं. बाकी अठरा दिवस या बघायला." दुपारपर्यंत गल्लीभर झालं. पुढे पुढे तर लोक वृषालीच्या डोळ्यांवरून तारीख ओळखायला लागले. काजळ नाही म्हणजे तृप्तीची लेन्स आली बदलायला, आणि नावाचं काम द्यायचं असेल तर दोन दिवस थांबा.

शेवटची राहिली ती मोठी परात. तिच्यावरची अक्षरंही मोठी होती. त्यांच्या जागी सफाई करता करता तळहाताएवढा चट्टा उठला, जुन्या काळपट तांब्यात मधोमध लखलखीत, आणि त्याच्यापुढे नुसतं 'आई वृषाली'. तृप्तीनं परात दुकानाच्या पायरीवर उन्हात ठेवली आणि हाक मारली.

वृषाली खाली आली. पदराला हात पुसत तिनं वाचलं. बोट फिरवून बघितलं. नाव खरखरीत लागलं, चट्टा गुळगुळीत.

"सगळ्यांवर?"

"एकसष्ट."

"वेडी आहेस." ती पायरीवर टेकली. कमरेची डबी काढली. त्याच सकाळी त्या दोघी इस्पितळातून आल्या होत्या, म्हणजे आजपासून नऊ दिवस तिचे. तिनं परात मांडीवर जराशी कलती धरली, श्रीमती होतं त्या जागेवर वाकली, आणि त्यात बघून आधी उजव्या, मग डाव्या डोळ्यात काजळ घातलं.

"नीट आलं का?" तिनं मान वर करून विचारलं.

तृप्ती ठिपक्याच्या बाजूनं बघत राहिली.

"डावी रेघ जरा जाड झाली."

"होऊ दे," वृषाली म्हणाली. "तिकडे मंगलाकाकू बसतात."